माझ्या डोक्यावरची दोघं

मी चौथरा बोलतोय. हो, हा खालचा. वर बघू नका, ती दोघं बोलत नाहीत. एकमेकांतून त्यांना सवडच नाही म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. दिव्याखाली अंधार असतो ना, तो अंधार म्हणजे मी.

माझा जन्म खाणीतला. साधा काळा दगड, अंगाने दणकट, स्वभावाने थंड. पाथरवटाने मला चारही बाजूंनी सरळ केलं. शिल्पकार आला तो फक्त माझा माथा सपाट आहे का, ते बघायला. त्याने तळवा फिरवला, "चालेल" म्हणाला आणि निघून गेला. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच.

मग एके दिवशी साखळ्या लावून, गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी अवजड माझ्या डोक्यावर उतरवलं. गोणपाट सोडलं ते वर चढवल्यावर. माझ्या छातीवर पितळी पट्टी ठोकली : 'युगुल'. तेव्हापासून ओझं माझं आणि वाहवा त्यांची. तक्रार नाही, आपला धंदाच तो.

मला दिसतात ती बघणाऱ्यांची तोंडं. कॉलेजची पोरं एकमेकांना कोपर मारून फिदीफिदी हसतात. शिक्षिका मुलींना घेऊन येतात आणि नेमकी माझ्यापाशी त्यांची चाल वाढते. एकदा एक भारदस्त गृहस्थ वर बघता बघता डोळे पुसायला लागले आणि शेजारच्याला म्हणाले, "धूळ फार आहे हो इथे." धूळ नव्हती. सकाळीच पुसलं होतं. पण मी कशाला मध्ये पडू? मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. लोक "वा" म्हणतात, "अप्रतिम" म्हणतात आणि पुढे जातात. वर नक्की काय आहे, हे मेलं कोणी सांगत नाही.

संग्रहालयाच्या या दालनाचा रखवालदारसुद्धा नाही. त्याला दाराकडे लक्ष ठेवायचं असतं, म्हणून त्याची खुर्ची शिल्पाकडे पाठ करून. त्याचं वाक्य एकच, "हात लावू नका."

परवा एक आजी-आजोबा आले. आजोबांच्या शर्टाचं गळ्याचंही बटण लावलेलं, खांद्याला पिशवी. आजींच्या डोळ्यांवर काळा चष्मा, हात आजोबांच्या कोपरावर.

"आलो का?"

"आलो."

"मग सांगा."

"काय सांगू? पुतळा आहे. पांढरा."

"अहो, पांढरा तो तेव्हाही होता."

तेव्हा म्हणजे आजींच्या नव्या नवरीच्या दिवसांत. बरोबर सासूबाई, नणंदा, सगळा गोतावळा. आजी माझ्यासमोर थबकल्या होत्या आणि आजोबांनी आईच्या धाकाने त्यांना पुढे ओढलं होतं.

"काय म्हणाला होतात? पुढे बघण्यासारखं बरंच आहे. पुढे काय होतं? भांडी! भांडी काय घरी कमी होती?"

"हळू बोल गं."

"नंतर येऊ म्हणालात. येऊ येऊ म्हणता डोळे गेले माझे. मला एक हात तेवढा दिसला होता. कोणाचा, ते कळायच्या आत ओढलंत. आता तुम्ही बघा आणि मला सांगा. दुसरं काही मागत नाही."

आजोबांनी घसा खाकरला. मीही कान टवकारले. इतकी वर्षं डोक्यावर काय वागवतोय, ते मलाही ऐकायचं होतं.

"दोन माणसं आहेत."

"पुरुष आणि बाई?"

"हं."

"काय करतायत?"

आजोबांनी आजूबाजूला पाहून घेतलं. "उभी आहेत."

"नुसती?"

"जवळ उभी आहेत."

"जवळ म्हणजे? बसच्या रांगेत असतात तशी?"

आजोबांनी पुन्हा वर पाहिलं. या खेपेला बघतच राहिले. मी पुष्कळ चेहरे पाहिलेत, पण असा उघडा पडत गेलेला चेहरा पाहिला नव्हता. डोळे भरले.

"अहो? आहात ना?"

"आहे. नाही गं सांगता येत."

"का? मला रोज पेपर वाचून दाखवता तो?"

"तो लिहिलेला असतो."

आजोबांच्या कोपरावरचा हात काढून घेत आजी म्हणाल्या, "राहू दे. चला घरी." त्यात राग नव्हता, आणि तेच आजोबांना लागलं असावं. त्यांनी पिशवी उतरवून माझ्या पायाशी टेकवली.

"इकडे ये. हात दे. हा नव्हे, तो."

त्यांनी आजींचा तळवा स्वतःच्या मानेमागे ठेवला. "तुला दिसला होता तो हात. तिचा आहे." मग आपला हात त्यांच्या पाठीभोवती घातला. "हा त्याचा. तो वाकलाय. तू मान वर कर. अजून थोडी." आजींचा चष्मा आजोबांच्या नाकाला टोचला, तेव्हा त्यांनी तो काढून खिशात ठेवला आणि आजींच्या कपाळाला कपाळ टेकवलं.

"लोक बघत असतील," आजी पुटपुटल्या.

"बघू देत."

रखवालदार उठून आला, "हात..." म्हणाला आणि तिथेच अडला. शिल्पाला तर कोणी हात लावलाच नव्हता. त्याने त्या दोघांकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्या डोक्यावर पाहिलं आणि टोपी काढून उभा राहिला.

मी मात्र खालीच बघत होतो. मला भरून आलं. दगडाला येतं का, ते विचारू नका, आलं. सुरकुतलेली, बुटकी, चपला घातलेली, पण माझ्या डोक्यावरची दोघं मला पहिल्यांदा दिसत होती.

"कळलं का?" आजोबांनी विचारलं.

"थांबा," आजी म्हणाल्या, "अजून नीटसं नाही कळलं."

त्यांना कळलं होतं. आजोबांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी हात काढला नाही.

मी अजून तिथेच आहे, पितळी पट्टी थोडी काळवंडलीय एवढंच. तुम्ही आलात तर एक करा. वर बघून झालं, की नुसतं "वा" म्हणून जाऊ नका. बरोबरच्या माणसाला काय दिसलं ते सांगा. सांगता आलं नाही तर करून दाखवा. माझ्यापुढे जागा भरपूर आहे.