डोक्यावर देव, पोटात गारठा

"आई, आपल्या हॉलमध्ये आहे ती फायरप्लेस आहे की देवघर?"

हा प्रश्न अहिल्याने विचारला खरा, पण विचारायला लावला होता तिच्या मैत्रिणींनी. आन्या आणि ब्रिटा सोफ्यावर उशा पोटाशी धरून बसल्या होत्या. "हिंमत असेल तर विचार," आन्या कुजबुजली होती, "नाहीतर उद्या बसपर्यंत आमच्या दोघींच्या स्की तू उचलायच्या." तेवढ्यात अहिल्याची आई पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि प्रश्न तिच्या अंगावर येऊन पडला. तिने आधी बशा खाली ठेवल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "दोन्ही आहे. पोहे गार होतायत."

मित्रांनो, ते 'दोन्ही' म्हणजे मी. मिनेसोटातल्या डुलूथ गावात, मोठ्या तळ्याच्या वरच्या चढावर एक निळं घर आहे. त्या घरातली मी ओतीव लोखंडाची, काचेच्या दाराची जुनी फायरप्लेस. वय बरंच झालंय, पण तब्येत ठणठणीत आहे. उगाच नम्रपणा मला जमत नाही. लोखंडाला लाजता येत नसावं.

माझा जन्म आगीतलाच. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, निवल्यावर साचा फोडला आणि मी बाहेर आले. माझ्या दोन्ही कुशींवर कारागिराने पाइनच्या फांद्या कोरल्या होत्या. त्या आजही तशाच आहेत, पानाची एक सुईसुद्धा झिजलेली नाही. मग मला ट्रकमध्ये घालून तळ्याकाठच्या एका लाकडी केबिनमध्ये नेलं. तिथे एक म्हातारं जोडपं राहायचं. त्यांचे ओले मोजे माझ्या कडेला वाळले, त्यांचं सूप माझ्या पाठीवर उकळलं, त्यांच्या कुत्र्याने माझ्यासमोर आयुष्य झोपून काढलं. बाहेर तळं गोठून पांढरं व्हायचं आणि आत म्हातारा शर्टाच्या बाह्या वर करून पत्ते खेळायचा. पाहुणे दारातून आत आले की आधी माझ्याकडे हात करायचे आणि मग घरच्यांना हॅलो म्हणायचे. याहून मोठं कौतुक कुठल्या फायरप्लेसचं झालं असेल, असं मला वाटत नाही.

पुढे जोडपं मुलांकडे राहायला गेलं, केबिन पाडली, आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन पडले. तिथे कुणीतरी माझ्या पोटात प्लास्टिकची सूर्यफुलं ठेवली. माझ्या पोटात, मित्रांनो, जिथे बर्चच्या लाकडाचे निखारे फुलायचे तिथे. त्या दिवसांबद्दल मी जास्त बोलत नाही.

त्या दुकानात एका शनिवारी शंतनू आले, म्हणजे अहिल्याचे बाबा. हे कुटुंब नुकतंच टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून इकडे आलं होतं. तिथे बारा महिने एसीची काळजी, इथे ऑक्टोबरातच बर्फ. बाबांनी माझं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि तिथूनच ओरडले, "अहिल्या, इकडे ये, ही बघ."

अहिल्या आली. डोक्यावर हूड, कानात बड्स, नजर बुटांवर. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "ओके."

त्या वर्षी ती एवढंच बोलायची. नवी शाळा, नवं गाव, जिभेवर बर्फ बसल्यासारखी गप्प असायची.

घराला नवी फायरप्लेस बसवणं म्हणजे टीव्ही भिंतीला टांगणं नव्हे, हे बाबांना हळूहळू कळलं. माझं वजन पेलावं म्हणून जमिनीखाली जाड तुळया घालाव्या लागल्या. पायाखाली दगडी ओटा आला, पाठीमागच्या भिंतीला दगड आला. मग धुराड्याच्या पाइपसाठी छताला भोक पाडायची वेळ आली तेव्हा आई अंगणात जाऊन उभी राहिली. "नव्या घराच्या छताला स्वतःहून भोक पाडणारे आपणच पहिले असू," ती म्हणाली. शेवटी सिटीचा इन्स्पेक्टर आला, त्याने भिंतीपासूनचं अंतर मोजलं, पाइपची उंची पाहिली, माझी काच बोटाने वाजवली आणि सही केली. गवंड्याने माझ्या वर, आच लागणार नाही इतक्या उंचीवर, मेपलच्या लाकडाची रुंद फळी बसवली होती. पॉलिश केलेली, पूर्वेला तोंड केलेली, अख्ख्या घरातली सगळ्यात देखणी जागा.

आणि तिथेच माझी पंचाईत झाली.

आईने माझ्या दाराला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मला बरं वाटलं, एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. "तेवढ्यापुरते देव या फळीवर ठेवते," आई म्हणाली. छोटा पितळी गणपती, रांगणारा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदेवीचा चांदीचा टाक, शंख, घंटा, सगळी मंडळी माझ्या डोक्यावर येऊन बसली. नऊ दिवस अखंड दिवा. आता देवांच्या बुडाखाली जाळ करायचा नाही, हे मलाही समजतं. म्हटलं, नऊ दिवस थांबू.

दसरा झाला. बाबा लाकडं घेऊन आले. आई म्हणाली, "आता दिवाळी तोंडावर आलीय, एवढ्यात कुठे हलवायचे?" दिवाळी झाली. "तुळशीचं लग्न होऊ दे." ते झालं. "मार्गशीर्षातले गुरुवार आहेत." मार्गशीर्ष संपला तर संक्रांत उभीच होती. बाबा आणलेली लाकडं परत गराजमध्ये नेऊन ठेवायचे. आपल्या पंचांगात एकही महिना रिकामा नाही, मित्रांनो, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. असा अख्खा हिवाळा गेला. मग उन्हाळ्यात मला कोण विचारतंय?

रोज सकाळी आई निरांजन लावायची. त्या एवढ्याशा ज्योतीकडे मी खालून पाहायची. आग माझ्या घरी होती, पण वरच्या मजल्यावर.

कुणी म्हणेल, आईने माझी हेळसांड केली. तसं नाही. ती मला रोज पुसायची. काच अशी लखलखीत ठेवायची की अहिल्या तिच्यात बघून केस नीट करायची. पण पुसलेली वस्तू सुखी असतेच असं नाही. तुमच्या घरी कपाटात जपून ठेवलेली सतार असेल, काकांनी दिलेली सायकल असेल, तर माझं एवढं ऐका. तिच्यावरची धूळ झटकून परत ठेवू नका. सतार वाजवा, सायकल चिखलातून न्या. आम्ही झिजण्यासाठीच जन्माला येतो, आणि त्यात आम्हाला काही दुःख नसतं.

असो. मधल्या काळात अहिल्या मात्र बदलली. दुसऱ्या हिवाळ्यात तिने शाळेच्या स्की टीममध्ये नाव घातलं. पहिल्या आठवड्यात ती इतक्यांदा पडली की पडायची भीतीच संपली. एकदा रेसच्या यादीत तिचं नाव नव्हतं, तर ती सरळ कोचकडे गेली आणि का नाही म्हणून विचारून आली. त्या दिवसापासून तिचं तोंड जे सुटलं ते मिटलंच नाही. प्रॅक्टिसहून आली की माझ्या दगडी ओट्यावर बसायची, बर्फाने बधिर झालेले पाय माझ्या थंडगार दाराला टेकवायची आणि बोलत सुटायची. कोण कुणावर चिडलं, कोच काय म्हणाली, तळ्यावर बर्फ कसा कडकडला, सगळं. तिचे तळवे काचेला लागायचे आणि मला इतकं वाटायचं, की माझ्या आत दोन लाकडं असती तर.

त्याच हिवाळ्यात मैत्रिणींनी तो प्रश्न विचारायला लावला. मैत्रिणी पोहे खाऊन गेल्या, पण प्रश्न घरातच राहिला. बाबा जेवताना म्हणाले, "पोरगी बरोबर बोलतेय. पेटवायची नसेल तर ठेवायची कशाला? धुराड्यातून गार हवा तेवढी खाली येते. राजला त्याच्या केबिनसाठी हवीच आहे. देऊन टाकू. छताचं भोक बुजवून घेऊ."

"बाबा, सिरियसली?" अहिल्या म्हणाली. "मी विचारलं म्हणून विकणार?"

"विचारलंस म्हणून नाही गं. उत्तर मिळालं नाही म्हणून."

आई पानावरून उठली. पानात वाढलेला भात तिने तसाच ठेवला.

शनिवारी राजकाका आले. मूळचे नागपूरचे, बाबांच्या ऑफिसातले, आवाज असा की माझी काच थरथरली. "वहिनी, चहा नको, आधी नवरी दाखवा," म्हणत ते माझ्यासमोर मांडी घालून बसले. त्यांनी माझं दार उघडून मिटून पाहिलं, झडप पुढेमागे केली, पाइनच्या फांद्यांवरून हात फिरवला. भला माणूस होता. त्याच्या केबिनमध्ये मी रोज पेटले असते, हे मला तेव्हाच कळलं. तरी मला जायचं नव्हतं. मला या घरातले गारठलेले पाय माहीत झाले होते.

"छान आहे," काका म्हणाले. "आता पेटव."

"पेटवू?" बाबा म्हणाले.

"मग काय बे, गाडी घेताना चालवून बघत नाही का आपण? धूर वर जातो की घरात येतो, ते तर कळू दे."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई उठली, आतून तांदळाची वाटी घेऊन आली. देव जागचे हलवायचे तर आधी अक्षता वाहून त्यांना सांगायचं, अशी तिच्या माहेरची रीत. चिमूट उचलली आणि तिचा हात तसाच राहिला.

"आई, थांब."

अहिल्या प्रॅक्टिसहून आली होती. दारातच उभी, टोपीवर बर्फ, गाल लालेलाल.

"म्हणजे देव हलतात," ती म्हणाली. "विकायची असली की हलतात. ठेवायची असली की नाही. हे कसलं लॉजिक आहे?"

"अहिल्या, काका आलेत," बाबा म्हणाले.

"काकांना पण सांगू देत ना. काका, यू टेल मी."

"मला यात नको ओढू, बेटा," काका म्हणाले आणि इतका वेळ नाकारलेला चहा स्वतःच उठून कपात ओतून घेतला.

आई खुर्चीत बसली. चिमूट अजून बोटांतच होती. "हलवायला माझी ना नव्हतीच गं," ती म्हणाली. "पण हलवून नेऊ कुठे? फ्रिस्कोला त्यांना स्वतःचा कोपरा होता. इथे आल्यावर पहिले सहा-सात महिने किचनच्या कपाटात होते, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांमागे. रोज मी खोकी बाहेर काढायची, पूजा करायची, खोकी परत आत. तुम्हा दोघांपैकी कुणी एकदा तरी विचारलंत, देव कुठे आहेत म्हणून? इथे ठेवल्यापासून निदान येताजाता दिसतात तरी. तू बुटांच्या लेस बांधताना वर बघतेस. मी पाहिलंय. मी त्यांना पुन्हा त्या कपाटात ठेवणार नाही."

बाबांनी मान खाली घातली. काका चहा ढवळत राहिले, साखर न घालताच. मी तर एवढा काळ समजत होते की आई पंचांग बघून दिवस ढकलतेय. डोक्यावर देव असूनही मला हे दिसलं नव्हतं.

अहिल्या वर निघून गेली. तिच्या खोलीचं दार वाजलं. मला वाटलं, रुसली. संपलं. काका हळूच बाबांना म्हणाले, "मी पुढच्या आठवड्यात येऊ का?" तेवढ्यात वरून जड काहीतरी ओढल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. पुस्तकं जमिनीवर आपटल्याचा आवाज, मग नळाचा. आई छताकडे बघत होती. "काय पाडतेय ही?" बाबा पुटपुटले, पण कुणीच उठलं नाही.

मग ती खाली आली. टोपी नव्हती, केस मागे बांधलेले, धुतलेल्या हातांतून पाणी ठिबकत होतं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती थांबली, जशी ती हल्ली रेसच्या सुरुवातीला थांबत असेल तशी.

"आईबाबा, मी ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. माझं डेस्क मी खिडकीपासून काढलंय. पूर्वेची खिडकी आहे, तळं दिसतं. त्या जागी देव येतील. सकाळी शाळेआधी पूजा मी करणार. आई, मला येत नाही ते तू शिकव. ज्या दिवशी उशीर होईल त्या दिवशी नुसता नमस्कार करीन, पण करीन. आणि तू वर यायचंस, रोज, दार वाजवायची गरज नाही. राजकाका, सॉरी, ही विकायची नाहीये. बाबा, तुम्ही लाकडं आणा."

आईने बोटांतल्या अक्षता देवांवर वाहिल्या, आणि बाबा लाकडं आणायला गराजकडे निघाले.