प्रिन्सचे दात

सुलोचनाबाईंनी नलूला उचलायला हात पुढे केला आणि प्रिन्स गुरगुरला. चांगले सुळे दाखवून. शेजारच्याच त्या, रोजच्या जाण्यायेण्यातल्या. पण नलू नुकती रांगायला लागली होती आणि आमचा हा अल्सेशियन तिच्या सतरंजीच्या कडेला असा बसायचा, जणू सातबारा त्याच्याच नावावर आहे. सुलोचनाबाई चहा न घेताच गेल्या.

"जयवंता, उद्या लेकराले चावला तं काय करशीन?" मामंजी ह्यांना म्हणाले. "वडनेरले आपल्या वावरात बांधून टाक त्याले. राखण करन."

"बाबा, नागपूरचा कुत्र्यायचा शो होऊ द्या. तिथं परका मानूस तोंड उघडून दात पाह्यते. त्याच्यावर गुरगुरला, तं मीच नेऊन बांधतो."

मामंजींनी जन्मभर दात पाहूनच बैल घेतले होते. ही परीक्षा त्यांना लगेच पटली.

प्रिन्स एवढासा आला तेव्हा कापसाच्या बोळ्याने त्याला दूध मीच पाजलं होतं. तो वावरात साखळीला बांधलेला मला डोळ्यांसमोरसुद्धा आणवत नव्हता. पण त्या दिवसापासून नलूला खाली ठेवून मी न्हाणीतही निर्धास्त गेले नव्हते. रात्री पाळण्याची दोरी हातात धरूनच पडायचे. झोप अशी नव्हतीच.

शोच्या आदल्या दिवशी प्रिन्सला आंघोळ घालताना हे विहिरीजवळ घसरले. घोटा टम्म सुजला. रिंगणात तर कुत्र्याबरोबर पळावं लागतं.

"आता तूच ने," हे म्हणाले.

"मी? साडी नेसून पळू?"

"पळन थे," आत्याबाई, माझ्या सासूबाई, चुलीपाशी बसूनच म्हणाल्या. "दूध उतू गेलं का कशी पळते, पाह्यलं नाई काय मी?"

एकोणऐंशीचा जानेवारी होता. गावातल्या मोतीलालशेटच्या मागून आणलेल्या जीपमध्ये आम्ही सगळे कोंबून बसलो, प्रिन्स पायांशी.

मैदानावर चुन्याने रिंगणं आखली होती. पांढरे कोट घातलेले पगारी लोक मालकांची कुत्री घेऊन ऐटीत उभे होते. त्यांच्या रांगेत मी. पदर खोचलेला, आणि पायात ह्यांचे कॅनव्हासचे बूट, पुढे कापूस कोंबून.

पळायला लागले आणि घोटाळा ध्यानात आला. घरी माझ्या बांगड्या वाजल्या की प्रिन्सला भाकर मिळते. त्यामुळे समोर बघायचं सोडून तो मान वर करून माझ्या मनगटाकडे बघत पळत होता.

"अवं, समोर पाह्य म्हना त्याले!" दोरीबाहेरून मामंजी ओरडले. अख्खं रिंगण हसलं.

मग कुत्र्यांना उभं करायचं होतं. मी प्रिन्सचा मागचा पाय नीट मागे ठेवला, मान उचलून धरली. जजसाहेब आले. उंच, डोक्याला हॅट, मिशा फौजी. त्यांनी आधी आपली मूठ त्याला हुंगू दिली, मग त्याचे ओठ वर सारले.

नेमकी तेव्हाच आत्याबाईंच्या कडेवरची नलू भोकाड पसरून रडायला लागली.

प्रिन्सचे कान ताठ झाले. त्याच्या मानेतली धडधड पट्ट्यातून माझ्या बोटांना कळत होती. परक्या माणसाची बोटं त्याच्या सुळ्यांवर, आणि तिकडे नलू. झालं, आता वडनेर, असं मनात आलं.

"उभा राह्य रे बाळा," एवढंच पुटपुटले.

प्रिन्सने नलूकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि तोंड तसंच साहेबांच्या हातात ठेवून शेपटी हलवली.

"घर में छोटा बच्चा है?" साहेबांनी विचारलं.

"जी. मुलगी आहे." आणि मला राहवेना. "मध्ये एकदा गुरगुरला होता. शेजारीण तिला उचलायला आली तेव्हा." रिंगणात असं सांगायचं नसतं, पण मला बक्षिसापेक्षा उत्तर हवं होतं.

साहेब हसले. "पहले हाथ सुँघाइए, फिर बच्चा उठाने दीजिए. नीयत का खोटा होता, तो मेरी उँगलियाँ अभी सलामत न होतीं."

नंबर आला नाही. परतताना मामंजी जीपमध्ये धुसफुसत होते. "काऊन नाई देल्ला नंबर? दात तं लाखात एक होते!"

ह्यांनी हळूच विचारलं, "मंग बाबा, वडनेर?"

"वडनेरले काऊन? तिथं कोन घासूनधुऊन ठेवन याले, तुहा बाप? पुढच्या सालीबी आनू. पन सूनबाई, घरी आलेल्याचा हात याले हुंगू देत जाजो."

नलू आत्याबाईंच्या मांडीवरून घसरत घसरत प्रिन्सच्या पोटावर डोकं टेकून झोपली होती. मी तिला उचललं नाही. वाटेतलं जांब गाव कधी आलं, कधी मागे पडलं, मला पत्ताच नाही. जाग आली तेव्हा जीप आमच्या दारात उभी होती, आणि आत्याबाई सगळ्यांना दटावत होत्या, "हळू उतरा बाप्पा. झोपू द्या सूनबाईले."