स्टिअरिंगवरचं नमस्कारी बोट

मित्रांनो, मी एक जुनं स्टिअरिंग आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही.

जन्मतः मी असा नव्हतो. कारखान्यात मला गाडीत बसवलं तेव्हा एका तपासनिसानं मला एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे फिरवलं आणि कागदावर ‘उत्तम’ असं लिहिलं. हे करताना तो शेजारच्या माणसाशी फुटबॉलबद्दल बोलत होता. तेव्हापासून ‘उत्तम’ हा शब्द ऐकला की मी सावध होतो. माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. ते गाडीतसुद्धा फोनवर लोकांना सांगत, “अजिबात दुखणार नाही.” हे सांगताना त्यांची बोटं माझ्याभोवती आवळली जात. असली संगत मिळाल्यावर कोण भोळं राहील?

चार वर्षांनी मी लीट्रिम ह्या आयरिश परगण्यातल्या मॅलकी टॅन्सीच्या हातात आलो, आणि खरं सांगायचं तर सुखी झालो. मॅलकीनं अडतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला होता. हजारो लिटर दूध हिंदकळू न देता वळण घेणारे ते हात होते. दर शनिवारी तो मला जुन्या बनियननं पुसायचा आणि शेजाऱ्यांना सांगायचा, “ह्या गाडीत स्टिअरिंग सोडून सगळं भिकार आहे.” आपली अशी स्तुती ऐकल्यावर कुणालाही उचंबळून येईल. त्याच्या बायकोनं, अट्रॅक्टानं, मला लोकरीचं आवरण शिवलं. पुढची अकरा वर्षं मी ओल्या मेंढीच्या वासात काढली. पण ते प्रेमानं झालं होतं, म्हणून मी तक्रार केली नाही.

आता बोटाबद्दल. आमच्याकडे अरुंद रस्त्यावर समोरून कुणी आलं की स्टिअरिंगवरचा हात न हलवता फक्त तर्जनी इंचभर वर करायची. हाच आमचा नमस्कार. ओळख असो वा नसो. दोन बोटं वर झाली तर समोरचा जवळचा नातेवाईक समजावा. अख्खा हात वर झाला तर पुढच्या वळणावर अपघात झालेला आहे. मॅलकी ह्या बाबतीत फार काटेकोर होता. शंभर वर्षांपूर्वीच्या यादवी युद्धात टॅन्सी घराणं एका बाजूला पडलं होतं; त्या दोन बाजूंचेच पुढे दोन राजकीय पक्ष झाले. दुसऱ्या बाजूच्या पक्षातल्या माणसाला त्यानंतर एकाही टॅन्सीनं बोट दाखवलं नव्हतं. मोटारी नव्हत्या तेव्हा ते त्यांच्यासाठी टोपीसुद्धा उचलत नसत.

ईस्टरनंतर मात्र काहीतरी बिनसलं. मॅलकीची पकड घट्ट झाली. तळवे ओलसर राहू लागले. आणि बोट! बोट सारखं वर. ट्रॅक्टरला वर, सायकलला वर, काहीच नसताना वर. मला वाटलं, म्हातारा निवडणुकीला उभा राहतोय. मग वाटलं, कुणीतरी त्याच्या मागावर आहे आणि तो साक्षीदार जमवतोय. जूनमध्ये त्यानं जाहीर केलं की तो अट्रॅक्टाला चार दिवस कॉनेमारा आणि मेयोच्या बाजूला डोंगर बघायला नेणार आहे. तेव्हा माझी खात्रीच पटली. काहीतरी काळंबेरं होतं.

तसं वाटणारा मी एकटा नव्हतो.

“सेहेचाळीस वर्षांत तू मला दोनदा फिरायला नेलंस,” अट्रॅक्टा पट्टा लावत म्हणाली. “एकदा नॉकला, तुझ्या आईच्या गुडघ्यांसाठी नवस बोलायला. आणि एकदा बॅलिनास्लोला, घोडा बघायला.”

“छान घोडा होता.”

“तो आपण घेतला नाही.”

“म्हणूनच शेवटपर्यंत छान राहिला.”

“कोण आहे ती, मॅलकी?”

“कोण कोण?”

“चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस एकाएकी बायकोला डोंगर दाखवायला निघतो, तेव्हा एकतर तो मरायला टेकलेला असतो, नाहीतर डोंगरामागे कुणीतरी राहत असते.”

“डोंगर चांगले आहेत म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

ह्यावर मॅलकीनं गिअर टाकला.

पहिल्या दिवशी आम्ही एका पर्यटक बसच्या मागे लागलो आणि तिला सोडलंच नाही. बस थांबली की आम्ही थांबायचो. बसमधले जर्मन उतरून फोटो काढत, आम्ही हॅमचे सँडविच खात असू. दुपारी बस एका सार्वजनिक शौचालयाच्या आवारात शिरली. आम्हीही शिरलो.

“इथं कशाला?” अट्रॅक्टानं विचारलं.

“म्हटलं, तुला लागली असेल.”

अट्रॅक्टानं पर्स उचलली. मग ती खरोखरच जाऊन आली, कारण आवार वाया घालवण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी बस मिळाली नाही. किलरीच्या खाडीकाठानं जाताना मॅलकी एकदम उत्साहानं म्हणाला, “बघ, काय धष्टपुष्ट काळ्या गाई!”

“मॅलकी, त्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गवताच्या गाठी आहेत.”

“गाठीही धष्टपुष्टच आहेत.”

त्यानंतर त्यानं एका गाढवाला नमस्कार केला. हे चालण्यासारखं होतं, गाढव वयस्कर होतं. मग त्यानं एका हिरव्या कचऱ्याच्या डब्याला नमस्कार केला. आणि मग, एका वळणावर, खांबाला बांधलेल्या पुठ्ठ्याच्या उमेदवाराला. निवडणूक होऊन गेली होती, पण उमेदवार अजून हसत होता.

अट्रॅक्टाचं सँडविच चावणं थांबलं.

“मॅलकी.”

“हं.”

“आत्ता कुणासाठी बोट उचललंस?”

“होता कुणीतरी. उंच होता.”

“उंच होता, कारण त्याला खांबाला बांधलंय. तो त्यांचा माणूस होता, मॅलकी. *त्यांचा.*”

माझ्यावरचे तळवे चिंब झाले. मित्रांनो, त्या क्षणी अट्रॅक्टासमोर दोन शक्यता होत्या. एकतर तिच्या नवऱ्यानं पक्ष बदलला होता, नाहीतर त्याला दिसत नव्हतं. तो आंधळा निघावा अशी ती मनापासून प्रार्थना करू लागली.

“ती पाटी वाच,” ती म्हणाली.

“आयरिशमध्ये आहे. मला कुठं आयरिश येतं?”

पाटीवर मेंढीचं चित्र होतं.

“गाडी थांबव, मॅलकी.”

“थांबवतो की. पुढे रुंद जागा लागेल. ह्या रस्त्यावर मध्येच थांबणं धोक्याचं असतं.”

हे तो डू लॉच्या तळ्याकाठी म्हणाला. डोंगरावरून धुकं खाली सरकत होतं आणि रस्ता एका गाडीपुरताच होता. समोर करड्या रेनकोटातली एक बाई सायकल हातात धरून चालत येत होती. ती मला दिसली. अट्रॅक्टाला दिसली. मी मॅलकीच्या बोटाची वाट पाहू लागलो. गाढवासाठी, डब्यासाठी, पुठ्ठ्यासाठी उचललं गेलेलं ते बोट आता उठेल, मग पाय ब्रेकवर जाईल, गाडी कडेला होईल.

बोट उठलं नाही.

“मॅलकी! माणूस!”

त्यानं ब्रेक दाबला आणि मला अख्खं डावीकडे ओढलं. अडतीस वर्षांचं दूध त्या एका वळणात एकवटलं होतं. गाडी काटेरी झुडपात शिरून थांबली. सायकल रस्त्यावर आडवी पडली होती आणि तिचं पुढचं चाक आमच्या टायरखाली होतं. बाई सायकलच्या पलीकडे उभी होती, एका हातात तुटलेली घंटी घेऊन.

तिनं आधी आमच्या नंबरप्लेटकडे पाहिलं.

“लीट्रिम,” ती म्हणाली. “तरीच. तुमच्याकडे रस्त्यावर माणसं नसतातच म्हणे.”

“बाई, लागलं का हो तुम्हाला?” मॅलकीनं काच खाली करून विचारलं.

“मला नाही लागलं. माझा जीव घ्यायच्या आधी निदान बोट तरी उचलायचं, माणसा. काय शिकवलंय तुझ्या आईनं?”

अट्रॅक्टानं उतरून तिची माफी मागितली, तिचा पत्ता लिहून घेतला आणि नवीन चाक पाठवायचं कबूल केलं. मोडकी सायकल खांद्यावर टाकून ती बाई धुक्यात निघून गेली. अट्रॅक्टा परत आत येऊन बसली. तिनं दार लावून घेतलं.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“ईस्टर. सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतं.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“पुढच्या महिन्यात पंचाहत्तर होतात. लायसन्सला डॉक्टरचा दाखला लागेल. तो काय देणार आहे?” मॅलकीनं कपाळ माझ्यावर टेकवलं. “म्हटलं, त्याच्या आधी एकदा तुला हे सगळं दाखवून आणावं.”

“तुला दिसत नसताना?”

“तुला तर दिसतं ना.”

“आणि त्या बाईचं काय, मॅलकी? तिचा नवरा आत्ता चहा टाकून तिची वाट बघत असेल.”

मॅलकीनं कपाळ उचललं. तो खूप लहान झाला. तळवे तेच होते, पण त्यात वजन नव्हतं.

“उतर,” अट्रॅक्टा म्हणाली. “इकडून येऊन बस.”

“तू चालवणार?”

तिनं पर्समधून लायसन्स काढून त्याच्या नाकासमोर धरलं. मित्रांनो, १९७९ साली आमच्याकडे परीक्षेची रांग इतकी लांबली होती की सरकारनं कंटाळून रांगेतल्या लोकांना परीक्षेशिवायच लायसन्सं वाटून टाकली. त्यातलं एक अट्रॅक्टाला मिळालं होतं. पोस्टात ओळख पटवायला बरं पडतं म्हणून ती ते न चुकता नवं करून घेत होती. गाडी तिनं एकदाच चालवली होती, पाद्रीबाबांच्या कुंपणापर्यंत. थोडी कुंपणातही.

“अगं, तू परीक्षा कधी पास झालीस?”

“नापास तरी कुठं झाले?”

तिचे हात माझ्यावर आले. थंडगार. अंगठी लोकरीत अडकत होती. मला तिचा जराही भरवसा वाटला नाही. ती सीट पुढे घेऊन इतकी जवळ बसली की तिच्या कोटाची बटणं मला लागत होती. मग आम्ही निघालो, ताशी पंधरा किलोमीटरनं. मागे सात गाड्या, दोन राहण्याच्या कॅम्पर व्हॅन आणि ती हरवलेली जर्मन बस जमा झाली. लोक चिडून हातवारे करू लागले. मॅलकी डाव्या सीटवर बसून रिकाम्या जमिनीवर पाय दाबत होता. पण अट्रॅक्टाला समोरची प्रत्येक मेंढी दिसत होती, आणि प्रत्येक मेंढीसाठी ती थांबत होती.

घरी परतल्यावर तपासणी झाली. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. शस्त्रक्रियेसाठी रांग आहे, आणि ह्या वेळी सरकार कंटाळून रांगेतल्यांना नजर वाटून टाकेल असं दिसत नाही. तोवर गाडी अट्रॅक्टा चालवते. मॅलकी दोन आठवडे रुसला होता. अजूनही तिच्या प्रत्येक वळणावर तो ऐकू येईल असा उसासा टाकतो.

आता माझं ऐका, मित्रांनो. ह्या गोष्टीत दोषी मीही आहे. ओले तळवे मला ईस्टरपासून कळत होते. कुठलीही पाटी जवळ आली की त्याची पकड आवळायची, हेही मला कळत होतं. मी निवडणुकीचा संशय घेतला, पाठलागाचा संशय घेतला, आणि त्या संशयाची मजा घेत बसलो. डू लॉच्या काठावर एक माणूस केवळ अट्रॅक्टा ओरडली म्हणून वाचलं.

तुमच्याही घरात एखादं माणूस हल्ली पेपर न वाचताच घडी करून ठेवत असेल, जिना उतरताना भिंत धरत असेल, हाक मारल्यावर भलत्याच दिशेला हसत असेल. संशय आला की तो जपून ठेवू नका. त्याच दिवशी विचारा. ते रागावतील, ताट सरकवतील, तुम्हालाच चष्मा लावायला सांगतील. तरी विचारा. हॉर्नचा भोंगा बरोबर माझ्या छातीत आहे, पण तो वाजायला कुणाचा तरी हात लागतो. तुमचं तसं नाही.