दारं नसलेला हरभरा

ह्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवलाच तर त्या माणसाला एकदा तपासून घ्यावं लागेल. पण गोष्ट तीर्थपुरीच्या कडूबाची आहे, सन अठ्ठ्याण्णवची आहे, आणि त्याची बायको गोजरबाई ही काय, समोर गहू निवडत ऐकतेच आहे.

कडूबा तेव्हा जालन्याजवळ एका बियाणं कंपनीच्या प्रयोगाच्या रानात दारं धरायचा. पाटाचं पाणी वाफ्यात सोडायचं, वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून वाट बुजवायची. नजर हलली की वाफा फुटलाच म्हणून समजा.

माघ होता. हरभरा घाट्यांनी लगडलेला. हरभऱ्याच्या रानात उभं राहून तोंड रिकामं ठेवणं कडूबाच्या खानदानात कोणाला जमलं नव्हतं. त्यानं जाळी लावून वेगळ्या राखलेल्या वाफ्यातला एक डहाळा उपटला आणि सोलून फस्त केला. हाताची आंब धोतराला पुसतोय, तेवढ्यात कंपनीच्या सत्यशीला मॅडम आल्या. बियाच्या पोटात काय लिहिलंय ते वाचणं हेच त्यांचं काम. उपटलेली जागा बघून त्या मटकन बांधावर बसल्या.

मग त्यांनी सांगितलं. झाडात प्रोटीन बनवायचा हुकूम लिहिलेला असतो आणि त्याच्या आधी एक छोटासा मजकूर. वाचत येणारं पेशीतलं यंत्र आधी त्या मजकुराशी अडखळतं, म्हणून प्रोटीन बेतानं बनतं.

“तुम्ही दारं धरता ना काका, तसंच ते,” मॅडम म्हणाल्या. “ह्या झाडातला तो मजकूर आम्ही काढून टाकला होता. आता तिथं दारं धरायला कोणी नाही.”

एवढं बोलून त्या रागानं निघून गेल्या. कडूबा तिथंच उभा. दारं सुटलेला वाफा त्यानं जन्मभर बघितला होता. पाणी थांबत नाही, पीक आडवं होतं, शेवटी बांध फुटतो. आणि आता ते मूठभर दाणे त्याच्या आत होते.

घरी जाताना एस्टीतच पोट नगाऱ्यासारखं झालं. हिरव्या हरभऱ्यानं कोणाचंही होतं, पण हे त्या घडीला त्याला कोण सांगणार? मनगट जाड वाटलं. नखं सकाळपेक्षा लांब वाटली. घाम फुटला, तर तोही जास्तच फुटतोय असं वाटलं.

वाफा फुटला की दारं धरणारा एकच करतो, मोटार बंद. कडूबानं पाणी बंद केलं.

“मला पाणी देऊ नको,” तो गोजरबाईला म्हणाला. “पाणी तुटलं की वाढ थांबती.”

कसली वाढ, तिनं विचारलं. आतली, म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

दुसऱ्या दिवशी जीभ टाळूला चिकटली. तिसऱ्या दिवशी सुतळीनं पोट मोजलं, चार बोटं वाढलेलं. पाचव्या दिवशी उजव्या कानातून हिरवा कोंब निघाला. आठव्या दिवशी ही बातमी ऐकून मॅडम जीप घेऊन धावत आल्या. त्यांनी पोटतिडकीनं समजावलं, की खाल्लेला दाणा पचतो, त्यातला मजकूरही पचून जातो, माणसाचं शरीर तो वाचत बसत नाही. पण कडूबा ऐकेना. आठ दिवस थेंब न प्यालेला माणूस, समोर भरलेला तांब्या, आणि कानातला कोंब दोन पानांचा झालेला...

“बस करा भावजी,” गोजरबाई सुपातून नजर वर न करता म्हणाली. “आठ दिवस कुठले? पहिल्याच सांजेला रांजणामागं बसून पाणी पिताना म्या धरलं ह्यांला. मरतो की काय म्हणून रडून राह्यलते, अन् घटाघटा पिऊन राह्यलते.”