सुतकात सापडलेले अमलहारीबाबा

पहाटे पाचला अहिल्याबाई घाटावर पाय ठेवायला जागा मिळेना. पंचम जॉर्ज गादीवर आले त्या सालची गोष्ट. गंगास्नानाला आलेली म्हातारी माणसं वरच्याच पायरीवर खोळंबलेली आणि खाली लाकडी चौरंगावर अमल, म्हणजे नशा, हरणारे अमलहारीबाबा बसलेले. अंगाला भस्म, गळ्यात पाच पदरी रुद्राक्ष, पुढे चांदीची डबी. डबीत वाटाण्याएवढ्या काळपट गोळ्या.

"अफीम छूटी?" बाबा गरजत.

"छूटी, महाराज!" चाळीस घसे एकदम.

"किसने छुड़ाई?"

"आपने, महाराज!"

मग एकेकाच्या जिभेवर एकेक गोळी पडे. तोंड वाकडं झालं की बाबा हसत. "कड़वी है? बेटा, यह तेरे पाप की कड़वाहट निकल रही है. तुलसी है, लौंग है, गुड़ है. गोली तो बहाना है, काम मंत्र का है!" आणि गोळीवर फूं करून मंत्र फुंकत.

मी दूधविनायकाच्या मोहल्ल्यात मुलांना गणित शिकवतो. गणिताच्या मास्तराला एक खोड असते, उत्तर बरोबर आलं तरी रीत विचारायची. वीस वीस वर्षं अफू खाणारी माणसं एका दिवसात सुटली, हे उत्तर होतं. रीत कुणी सांगेना. शिवाय एक गोष्ट मला खटकत होती. सुटलेल्या माणसाने घरी स्वस्थ झोपावं की नाही? हे सगळे मात्र अंधारात उठून बाबांच्या दर्शनाला धावत. थंडी असो, पाय मुरगळलेला असो, दर्शन चुकवायचं नाही. अफूच्या दुकानाकडेदेखील ही मंडळी कधी इतक्या तातडीने गेली नव्हती.

"काय मास्टरसाहेब, आता तरी मानाल की नाही?" काशीनाथ मला घाटावर गाठून विचारी. हा संकठा घाटावरचा तीर्थोपाध्याय, बाबांचा पहिला चेला आणि फुकटचा डंका. "दीड महिना झाला, अफूला शिवलोसुद्धा नाही. चमत्कार आहे की नाही, बोला!"

मी काही बोललो नाही, कारण माझे शेजारी वेणीमाधवशास्त्रीही त्या चाळिसांत होते. न्यायशास्त्र, म्हणजे तर्कशास्त्र, शिकवणारा माणूस. गुडघेदुखीवर म्हणून कुणीतरी अफू सुचवली, गुडघा बरा झाला, अफू राहिली. बारा वर्षांत शिष्य पांगले, शास्त्रीबुवा दुपारी ग्रंथावर डोकं टेकून झोपू लागले. त्यांच्या पत्नी कालिंदीबाई बाबांच्या नावाने समई लावू लागल्या होत्या. त्यांना मी कुठल्या तोंडाने म्हणणार होतो, की काकू, मला संशय येतो?

शेवटी बाबांना त्यांच्याच सोवळ्याने दगा दिला. कर्मठ मंडळींवर छाप पडावी म्हणून त्यांनी घाटावर पाटी लावली होती, 'सुतकी माणसाने प्रसाद घेऊ नये.' आणि एका मंगळवारी नाशिकहून तार आली. शास्त्रीबुवांचे सख्खे चुलते वारले होते. दहा दिवसांचं सुतक. देवपूजा बंद, देवळात जाणं बंद, प्रसाद बंद.

मंगळवारी सकाळची गोळी पोटात होती. बुधवारी शास्त्रीबुवा जांभयांवर जांभया देऊ लागले. नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी. गल्लीतले लोक म्हणाले, चुलत्यावर किती जीव हो! गुरुवारी अंगावर काटा, पोटऱ्यांत गोळे, जुलाब. शुक्रवारी सकाळी काशीनाथ बाबांचा निरोप घेऊन आला, "शास्त्रीजींच्या श्रद्धेत खोट होती, मंत्राचा कोप झाला." कालिंदीबाई दारात उभ्या होत्या. तो वळताच त्यांनी मला हाक मारली.

"मास्तर, ह्यांच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नाही हो. डॉक्टरांना बोलवा. कोप झाला तर झाला, मी बघून घेईन."

सरकारी इस्पितळातले डॉक्टर शिवरामपंत आले. त्यांनी नाडी पाहिली, पापणी उचलून बुबुळ पाहिलं, दंडावरचा काटा बोटाने चाचपला.

"अफू कधी सोडलीत?"

"दीड महिन्यापूर्वी," शास्त्रीबुवा कण्हले.

"आणि बाबांची गोळी?"

"परवा... नाही, मंगळवारी."

"मग अफू मंगळवारीच सुटली," डॉक्टर म्हणाले. "तोवर चालूच होती. फक्त दुकान बदललं होतं."

कालिंदीबाई उंबऱ्यावरच बसल्या. दीड महिना ज्याच्या नावाने समई लावली, तो नवऱ्याला रोज पहाटे अफूच चारत होता! मला हसू आलं नाही. संताप आला. बाबांचा आला, आणि संशय येऊनही गप्प बसलो म्हणून स्वतःचाही.

"आता ह्यांना इस्पितळात न्यायचं," डॉक्टर म्हणाले. "देह थकलेला आहे, एकदम तोडणं झेपणार नाही. अफूचा अर्क मोजून द्यायचा, रोज उतरता. नाडीवर नजर, पोटात मिठाची पेज. आठ-दहा दिवस."

"तुम्हीही अफूच देणार?" शास्त्रीबुवा त्या अवस्थेतही नैयायिक होते. "मग बाबांत आणि तुमच्यात भेद काय?"

"तो लपवून देतो आणि तेवढीच देत राहतो. मी सांगून देतो आणि रोज कमी करतो."

पण इस्पितळ म्हटल्यावर शास्त्रीबुवांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ज्या खाटेवर कोण कोण लोळलं असेल, जिथलं पाणी कुणी भरलं ठाऊक नाही, तिथे जायचं? त्यापेक्षा मरण पत्करलं.

कालिंदीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या उठल्या.

"अहो, सुतक आहे ना? आपण कुणाला शिवायचं नाही, कुणी आपल्याला शिवायचं नाही. संध्या मनातल्या मनात. मग ओसरीत पडलात काय आणि इस्पितळात पडलात काय, विटाळ तो विटाळच. सुतक संपलं की गंगेत बुडी मारून शुद्ध व्हायचंच आहे. तेव्हा दोन्ही विटाळ एकदम धुवा."

शास्त्रीबुवांनी बराच वेळ दोष शोधला. सापडला नाही. त्या दुपारी आम्ही त्यांना डोलीत घालून नेलं.

ते दिवस सोपे गेले नाहीत. पहिल्या दोन रात्री ते डॉक्टरांना संस्कृतातून शिव्या देत होते. तिसऱ्या दिवशी पेज पोटात टिकली. सहाव्या दिवशी गाढ झोप लागली. सुतक फिटलं, पण डॉक्टरांनी आणखी चार दिवस सोडलं नाही. निघताना बजावलं, "अफू अंगातून गेली. मनातून जायला महिने लागतील. ही पहिली पायरी आहे, शास्त्रीबुवा, अख्खा घाट अजून चढायचाय."

संकठा घाटावर बुडी मारून शास्त्रीबुवा ओल्या पंच्यानेच अहिल्याबाई घाटावर गेले. हातात कालिंदीबाईंनी वळलेल्या गोळ्यांची वाटी. तुळस, लवंग, गूळ, आणि पापाच्या कडवटपणासाठी कडुलिंब. मी आणि डॉक्टर मागे होतो.

"महाराज, गोळी बहाणा आणि काम मंत्राचं, हे आपलंच वचन ना?"

"हमारा ही है, बेटा."

"मग ह्या गोळ्यांवर मंत्र फुंका. दोन दिवस ह्याच खाऊन एखादा भक्त ठणठणीत राहिला, तर मी आपला दास."

बाबा चपापले. "सूतकी घर की गोली!"

"सुतक फिटलं, महाराज. आत्ताच स्नान करून आलो."

"फुंका की महाराज!" मागून काशीनाथच ओरडला. बिचाऱ्याची श्रद्धा खरी होती. "मी खातो! सगळ्यांसमोर खातो! ह्यांची तोंडं एकदा बंद होऊ देत!"

घाट जयजयकार करू लागला. बाबांना फुंकावं लागलं, काशीनाथने गोळी गिळली. डॉक्टरांनी काशीनाथला माझ्या ओसरीवर ठेवलं, औषधांची पेटी घेऊन स्वतः शेजारी बसले. "त्रास सोसवेना झाला तर सांगायचं. हट्ट करायचा नाही." काशीनाथ हसला. संध्याकाळी त्याचं हसणं जांभयांत बुडालं.

दुसऱ्या पहाटे त्याला दोघांनी धरून घाटावर आणलं. नाक वाहतंय, दात वाजताहेत, अंगावर शहारे. बाबांनी "श्रद्धा में खोट..." एवढंच म्हटलं, तोच काशीनाथने झडप घालून चांदीची डबी उघडली आणि एक गोळी गिळली. दुसरी डॉक्टरांनी हातातून काढून घेतली. अर्ध्या तासात जांभया थांबल्या, थरथर गेली, डोळे मिटायला लागले.

"काशीनाथ," शास्त्रीबुवा म्हणाले, "मंत्र दोन्ही गोळ्यांवर तोच, फुंकर तीच, श्रद्धा तुझीच. फरक कशाचा?"

काशीनाथ डबी चौरंगावर ठेवून वळला. मग सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणाला, "अफूचा."

बाबांना तेवढ्यात ध्यानाची वेळ आठवली. पण ध्यान लागलं ते पलीकडच्या काठावरच्या रामनगरकडे निघालेल्या नावेत, आणि गडबडीत झोळी चौरंगाखालीच राहिली. तीत अफूचा नारळाएवढा गोळा निघाला. लोक वल्ह्यांच्या आवाजावर शिव्या घालत राहिले.

आणि आता आपल्या लोकांची कमाल पाहा. बाबांची नाव अजून दिसत होती, तोच कुणीतरी झेंडूची माळ आणून डॉक्टरांच्या गळ्यात घालायला लागला. "डॉक्टरमहाराज की जय! चमत्कार केला!" चौरंग रिकामा पाहवत नव्हता त्यांना.

डॉक्टर मागे सरले. पुढे झाले वेणीमाधवशास्त्री. पाय अजून लटपटत होते, पण आवाज जुना होता.

"चमत्कार म्हणणाऱ्याची जीभ झडो! चमत्कार झाला असता तर मी आज अफूचं दुकान चुकवायला चार गल्ल्यांचा वळसा घेऊन आलो नसतो. उद्याही घ्यावा लागेल, परवाही. ज्याला सुटायचंय त्याने माळ ठेवावी आणि इस्पितळात खाट मागावी. तिथे सोसावं लागतं, पण काय देताहेत ते सांगून देतात."

सरकार एका खिडकीतून अफू विकतं आणि दुसऱ्या खिडकीतून तिच्यावर औषध देतं, ह्यावर मला बरंच बोलायचं होतं. पण त्या दिवशी दुसऱ्या खिडकीपाशी उरलेली एकोणचाळीस माणसं बसली होती आणि त्यांना भाषण नको होतं. खाटा सहाच निघाल्या. डॉक्टरांनी बाकीच्यांना ओसरीत, कोठीत, जिन्याखाली निजवलं. कालिंदीबाई पेजेचं पातेलं घेऊन फिरत होत्या.

वाचकहो, तुमच्याही गावात कुणी एका दिवसात व्यसन सोडवत असेल. त्याला एवढंच विचारा, गोळीत काय आहे? आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा का यायचं? उत्तरादाखल त्याने मंत्र म्हटला तर उठा आणि डॉक्टरकडे जा.

तिसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेलो तेव्हा जिन्याखालच्या सतरंजीवर काशीनाथ कुडकुडत पडला होता. मला पाहून त्याने मान वळवली. मी शेजारी बसलो, घोंगडी वर ओढली.

"मास्टरसाहेब," तो हळूच म्हणाला, "आज किती थेंब?"

"कालच्यापेक्षा दोन कमी."

"सांगून दिले ना?"

"सांगून दिले."

"मग ठीक," तो म्हणाला आणि त्याने पेजेची वाटी मागितली.