टाचाबाईचे नऊ सेंटीमीटर

तिसऱ्यांदा मोजलं तरी आकडा तोच आला. एकशे एक्कावन्न. भाचीनं टेप गुंडाळला, घड्याळ पाहिलं आणि पुन्हा टेप ओढला.

"अगं, दर पाच मिनिटांनी मोजलंस तर ती लाजून आखडणार आहे का?" पुलाच्या कठड्यावर बसलेले मामा म्हणाले.

"मामा, चार वाजता साहेबांना फोन करायचाय. तुमची चेष्टा नंतर."

ती रस्ते खात्यात नवी सर्व्हेअर, नोकरीला जेमतेम तीन महिने झालेले. मामा याच रस्त्यावरचे निवृत्त मुकादम. आणि 'ती' म्हणजे वळणावरचा उभा दगड, टाचाबाई. या बाईचा भाऊ गाडी घेऊन पुलापलीकडे गेला तो परतलाच नाही. तो दिसेपर्यंत बसणार नाही, असं म्हणून ती उभी राहिली आणि उभ्याउभ्याच दगड झाली. रस्ता उंचावला की तीही टाचा उंचावते, म्हणजे वळण तिच्या नजरेआड होत नाही. येणारेजाणारे गाडी थांबवून हे एकमेकांना सांगत आणि तिच्या पायाशी उभे राहून वळणाकडे बघत.

खात्याच्या जुन्या वहीत मात्र दगडाची रस्त्यापासूनची उंची कायम एकशे बेचाळीस होती. यंदा ती नऊ सेंटीमीटरनं वाढली. लोक खूश झाले, साहेबांची झोप उडाली. खालची जमीन फुगत असेल तर रस्ता खचणार. चारपर्यंत कारण सापडलं नाही, तर उद्या रस्ता बंद, ड्रिलिंगचं मशीन आणि टाचाबाई गोदामात.

भाचीनं तिपाईवर लेव्हल लावली. पुलावरच्या पक्क्या खुणेपासून पातळी घेतली. जमीन तसूभरही हललेली नव्हती. रस्ताही मागच्या नोंदीइतकाच. म्हणजे एकटा दगड वर आला होता. दगड वाढत नाहीत, एवढं तर तिला ठाऊक होतं.

मग तिला वेगळीच शंका आली. आजवर किती वेळा डांबर चढलं! दगड जागचा हलला नसेल, तर उंची कमी व्हायला हवी होती. एकशे बेचाळीसच कशी राहिली?

ती गुडघ्यांवर बसली आणि दगडाच्या मागच्या बाजूची माती खुरप्यानं उकरू लागली.

"कपडे खराब होतील," मामा म्हणाले. ते कठड्यावरून उठले होते.

वीतभर खाली वीट लागली. तिच्याखाली दुसरी. एकूण चार थर, सगळ्यात खालचा काळपट, वरचा लालभडक. टाचाबाईच्या टाचा विटांच्या होत्या.

तिनं खुरपं खाली ठेवलं आणि मामांकडे वळून पाहिलं. मामांनी खिशात हात घातले, काढले, पुन्हा घातले.

"डांबर पडायच्या आदल्या दिवशी," ते शेवटी म्हणाले. "साहेब लोक जेवायला गेले की. आठ जण, चार पहारी. डांबराच्या एका थराला एक वीट. मी मुकादम व्हायच्या आधीपासून चालत आलंय."

"आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षीही उचलली. निवृत्त झालो तरी पोरांनी बोलावलं. आम्हाला काय माहीत, दुसऱ्या दिवशी जुना थर खरवडणारं मशीन येणार म्हणून! जेवढं चढलं तेवढंच आधी काढलेलं. डांबर पडल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तोवर ती चांगली पक्की बसली होती." ते ओशाळून हसले. "आणि लोक फोटो काढायला लागले."

"सकाळीच सांगायचं ना!"

"तू मोजत होतीस. वाटलं, सुटेल गणित आपोआप." मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हण, जमीन फुगली."

"तिला गोदामात टाकतील."

"मग म्हण, कळत नाही."

"तरी गोदामच. मामा, खरं सांगितलं तरच ती इथं राहील."

"आणि ती स्वतः टाचा उंचावत नाही, हे उद्या गावभर होईल." मामा कठड्यापर्यंत गेले, परत आले. "पोरांची नावं नको देऊस. माझं दे."

चारला दहा मिनिटं असतानाच तिनं फोन लावला, कारण तिला आणखी थांबवेना. "साहेब, जमीन स्थिर आहे. दगड माणसांनी उचललाय. चार वेळा."

"कोणी?"

"इथल्या जुन्या मुकादमांनी. माझ्या मामांनी."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "मशीन रद्द करतो. त्यांचं नाव अहवालात लिहा. जादा वीट आठवड्यात निघाली पाहिजे, आणि त्या कामावर तुम्ही उभ्या राहा." फोन बंद.

भाचीनं अहवालाचा कागद मांडीवर घेतला आणि 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'मानवी'. मामांनी खांद्यावरून वाकून वाचलं.

"बस्स? एवढ्या वर्षांचं एका शब्दात उरकलंस?"

तिनं कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. "बोला. पहिली वीट कधी?"

"पहिली माझ्या उस्तादांची. मी नुसता पहार धरून होतो." मामा बसले, लगेच उठले. "माझी दुसरी. ती जरा तिरकी बसली होती, ते लिहू नकोस."

"किती तिरकी?" भाचीनं विचारलं.