मोकळ्या जागेत

चेंडू मुग्धाच्या बोटांना चाटून खाली पडला आणि पंचांनी मध्यंतराची शिट्टी फुंकली. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान नुकतीच सुरू झाली होती. कॅप्टन सहर नमाजाला निघाली. जाता जाता इंग्रजीत म्हणाली, "मी येईपर्यंत काय करायचं ते ठरवा. असंच चाललं तर हरलो." बोलताना तिची नजर मुग्धावर होती.

सौदीतल्या थुवालच्या विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन फुटबॉलची ही सौम्य तऱ्हा बायका-पुरुष मिळून खेळतात. कुणी कुणाला आडवं पाडत नाही. चेंडू ज्याच्या हातात, त्याच्या कमरेची पट्टी ओढली की झालं. एकानं फेकायचं, बाकीच्यांनी पुढं पळून झेलायचं. फेकायचा सुशील, मुग्धाचा नवरा. घर, गाडी, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, सगळं त्याच्या नोकरीवर, आणि मुग्धा कागदोपत्री त्याची 'डिपेंडंट'. संघात मात्र ती स्वतः निवडचाचणी देऊन आली होती, आणि त्या दिवशी सुशील जेद्दाला मीटिंगला होता. ही गोष्ट ती विसरत नसे आणि कुणाला विसरूही देत नसे.

"आपले पकडणारेच कच्चे," सुशील पाण्याची बाटली उघडत म्हणाला. "मी अगदी हातात देतोय, तरी सुटतोय."

मुंबईहून पीएचडीला आलेला अमोघ बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. ती आधीच बांधलेली होती.

"पहिला सुटला तो माझा," मुग्धा म्हणाली. "घामानं हात ओले होते. बाकीचे माझ्या माथी मारू नकोस."

"मग कुणाच्या मारू?"

"स्वतःच्या. तू हातात देतोस, तिथंच चुकतंय."

सुशील हसला. पुण्याच्या क्लबात तो कव्हरला उभा राहायचा आणि त्याची फेक थेट कीपरच्या ग्लोव्हजमध्ये जायची. त्या फेकीचं कौतुक लग्नाच्या मांडवातसुद्धा झालं होतं.

"कीपर स्टंपांपाशी उभा असतो, सुशील. मी पळत असते. तू मी दिसेन तिथं टाकतोस, आणि चेंडू येईपर्यंत मी पुढं गेलेली असते. मग मी थांबायचं, मागं वळायचं, तोवर त्यांचं कुणीतरी अंगावर आलेलं. सुटला की नाव माझं."

"मग काय मोकळ्या जागेत टाकू? तिथं कुणी नसतं."

"मी पोचते ना."

"आणि नाही पोचलीस तर?" त्यानं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "त्यापेक्षा आता तू बाहेर बस. बाकावरच्या आसावरीला घेऊ, तिचे हात पक्के आहेत. तुला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस बोललो नाही."

मुग्धाला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त राग आला. नाशिकची लॅबमधली नोकरी सोडताना ती चकार शब्द बोलली नव्हती. इथं स्वतःचं म्हणावं असं तिच्याकडे हे एवढंच होतं.

"मी बसणार नाही."

"मुग्धा, घरी बोलू."

"घरी कशाला? मैदानावरचं मैदानावर." तिनं चेंडू उचलला. "अमोघ, त्या कोपऱ्याकडे पळ. मागं बघू नकोस."

अमोघनं सुशीलकडे पाहिलं.

"त्याला काय विचारतोस? पळ!"

तो पळाला. चेंडू हवेत डुगडुगत गेला आणि फारच पुढं पडला. सुशीलच्या भुवया वर गेल्या.

"परत," मुग्धा म्हणाली.

या वेळी अमोघ आणि चेंडू एकदमच पोचले. त्यानं नुसते हात पुढं केले.

"आई शप्पथ!" तो तिकडून ओरडला. "मुग्धाताई, मी काही केलंच नाही!"

"अडवायला कुणी नाही म्हणून," सुशील म्हणाला.

"मग तू अडव."

तो हट्टानं गेला. अमोघच्या अंगाला अंग लावून पळाला, पण डोळे अमोघवर होते, आणि चेंडू दोघांच्या पुढं कुठंतरी निघालेला. अमोघनं तो धावता धावता उचलावा तसा घेतला. सुशीलच्या हाती वारा आला.

सहर परतून कडेला उभी होती. तिनं सरळ मुग्धालाच विचारलं.

"उत्तरार्धात तू फेकशील?"

"हो," मुग्धा म्हणाली. बघू, प्रयत्न करते, असलं काही तिनं पुढं जोडलं नाही.

सुशीलनं कमरेची पट्टी सोडायला घेतली. बाकावरची आसावरी उठून उभी राहिली.

"ती राहू दे," मुग्धा त्याला म्हणाली. "तू पकडायला ये. तुझ्याइतकं जोरात आपल्यात कुणी पळत नाही."

तो जवळ आला. मराठी कळणारे आसपास अमोघ आणि आसावरी दोघंच होते, तरी त्यानं आवाज खाली आणला. "आणि माझ्याकडून सुटला तर?"

"तर मी तुला बाहेर बस म्हणणार नाही."

सुशीलनं पट्टी पुन्हा आवळली आणि कडेला जाऊन उभा राहिला.

"यल्ला!" चला म्हणून सहर ओरडली.

शिट्टी झाली. सुशील सुटला. थोडं पळून त्यानं सवयीनं मान मागं वळवली.

"मागं बघू नकोस!" मुग्धा एवढ्यानं ओरडली, की समोरच्या संघानंही तिच्याकडे पाहिलं. चेंडू तिच्या हातातून सुटला होता, जिथं अजून कुणीच नव्हतं तिकडे.

सुशीलनं मान सरळ केली आणि जीव खाऊन पळत सुटला.